मालदीवची सफारी बोट: कोल्हापुरातून निघून डेकवर पाय ठेवेपर्यंत

सफारी बोटीचं, म्हणजे आठवडाभर समुद्रात राहून डाइव्हिंग करवणाऱ्या बोटीचं, बुकिंग करताना बहुतेक जण केबिनचे फोटो बघतात, जेवणाची चौकशी करतात आणि विमानाचं तिकीट मात्र स्वस्त मिळेल ते काढून मोकळे होतात. घोळ होतो तो तिथेच. मालदीवमध्ये बोट घड्याळापेक्षा उजेडावर चालते. सुमारे बाराशे बेटं २६ प्रवाळवलयांत, म्हणजे प्रवाळाच्या कड्यांनी वेढलेल्या गटांत, विखुरलेली आहेत. वलयाच्या आतला समुद्र वरून सपाट दिसतो, पण चाळीस-पन्नास मीटर खोलीतून उठलेला प्रवाळाचा खडक पाण्याखाली हातभर येऊन थांबलेला असतो. तो ओळखायचा पाण्याच्या रंगावरून: गर्द निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट म्हणजे उथळ, तपकिरी डाग म्हणजे खडक. जीपीएस समोर असलं तरी कॅप्टन शेवटचा भरवसा डोळ्यांवरच ठेवतो. आणि विषुववृत्ताजवळचा देश असल्यामुळे बारा महिने सहाच्या आसपास सूर्य बुडतो. म्हणून बोट दुपारी निघते आणि अंधार पडायच्या आत कुठल्यातरी बेटाच्या आडोशाला नांगर टाकते.

तुमचं विमान संध्याकाळी उतरणार असेल तर दोनच गोष्टी होतात. एक तर वीस माणसं तुमच्यासाठी खोळंबतात, किंवा बोट निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी स्पीडबोट भाड्याने घेऊन तिला गाठावं लागतं. तो खर्च तुमच्या खिशातून, आणि शेअर स्पीडबोटीच्या भाड्याशी त्याची तुलनाच होत नाही. त्यामुळे सगळ्यात आधी ठरवायचं ते हे: बोटीच्या आदल्या दिवशी राजधानी मालेला पोहोचायचं आणि एक रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढायची. कोल्हापूरहून निघणाऱ्याला तर हे दुप्पट लागू आहे, कारण आपला प्रवास मुळातच दोन टप्प्यांचा आहे.

बोट घ्यावी कोणी

सफारी बोट म्हणजे साधारण तीस मीटर लांबीची, आठ-दहा केबिनची तरंगती लॉजच. तिच्यासोबत एक दुसरी, छोटी बोट सतत चालते. तिला तिथे धोनी म्हणतात. हवेचे सिलिंडर, ते भरायचा कॉम्प्रेसर, वेटसूट (पाण्यात घालायचे रबरी पोशाख), फिन्स (पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंख) सगळं धोनीवर असतं, त्यामुळे मोठ्या बोटीवर कॉम्प्रेसरचा आवाज येत नाही. दिवसाला तीन डाइव्ह, मध्ये जेवण आणि झोप, असा आठवडा. डाइव्हिंग येत नसेल पण बेधडक पोहता येत असेल तर स्नॉर्कलिंगसाठीच्या (तोंडात नळी धरून पाण्याच्या वरच पोहत खाली बघणं) वेगळ्या फेऱ्या निघतात, त्या घ्याव्यात. डाइव्हिंगच्या बोटीवर एकटा स्नॉर्कल करणारा माणूस निम्मा वेळ डेकवर बसून राहतो.

पोहताच येत नसेल तर सफारी बोट घेऊ नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. घरातले आई-वडील, लहान मुलं सोबत असतील तर माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्ट हाऊस घ्या. माफुशी मालेच्या दक्षिणेला २७ किलोमीटरच्या आसपास आहे. शेअर स्पीडबोटीने अर्धा-पाऊण तास लागतो. तिथून रोज सकाळी दिवसाच्या सहली निघतात आणि रात्री जमिनीवर झोपायला मिळतं.

मोसम, मार्ग आणि खरी किंमत

डिसेंबर ते एप्रिल हा ईशान्य मोसमी वाऱ्याचा काळ. आभाळ स्वच्छ, समुद्र शांत, दर चढे. मे ते नोव्हेंबर नैऋत्य वारा, म्हणजे आपल्याकडे पंचगंगा पात्राबाहेर येते तेव्हा तिथेही पाऊस-वारा असतो. पण मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, बघायचे असतील तर हाच काळ. बा प्रवाळवलयातल्या हनिफारू उपसागरात साधारण जून ते नोव्हेंबर मांटा गोळा होतात. हा भाग युनेस्कोच्या जीवावरण क्षेत्रात २०११ पासून आहे. तिथे सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल. बुकिंगच्या वेळी कोणी "हनिफारूला डाइव्ह" असं म्हणालं तर त्या एजंटाला मार्ग माहीत नाही असं समजा.

पहिल्या वेळी मध्य प्रवाळवलयांचा मार्ग घ्यावा: उत्तर माले, दक्षिण माले, वावू आणि दक्षिण आरी. वावूत अलिमाथाच्या धक्क्याजवळ रात्री नर्स शार्क जमतात. दक्षिण आरीत मामिगिली आणि धिगुराच्या बाजूला देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, वर्षभर दिसण्याची शक्यता असते. शक्यता म्हणजे हमी नव्हे. अगदी दक्षिणेकडचे मार्ग जोरदार प्रवाहाचे आहेत, ते नंतर.

जाहिरातीतली रक्कम आणि शेवटी भरलेली रक्कम यांत बरंच अंतर पडतं. पर्यटकांवरचा वस्तू-सेवा कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. तो किमतीत धरलाय का, हे लेखी विचारा, कारण हजार डॉलरवर १७० डॉलर हा फरक छोटा नाही. हरित कर १ जानेवारी २०२५ पासून बोटीवर माणशी रोज १२ डॉलर झालाय, म्हणजे सात रात्रींचे ८४. (पन्नास किंवा कमी खोल्यांच्या गेस्ट हाऊसला हाच कर ६ डॉलर पडतो.) शिवाय उपकरणांचं भाडं, इंधनाचा अधिभार, नायट्रॉक्स (सिलिंडरमधली जास्त ऑक्सिजनची हवा) आणि खलाशांची बक्षिसी. बक्षिसी सक्तीची नसते, पण प्रथा पक्की आहे. ती शेवटच्या संध्याकाळी रोख डॉलरमध्ये द्यायची असते. हे सगळं बेरजेत धरून मग दोन बोटींची तुलना करा.

कोल्हापुरात करायची कामं

पासपोर्ट नसेल तर कोल्हापुरातल्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात वेळ घेऊन काम होतं, पुण्याला जावं लागत नाही. असेल तर मुदत बघा. विमान कंपन्या काउंटरवर सहा महिने शिल्लक मुदतीचा आग्रह धरतात, त्यापेक्षा कमी असेल तर नूतनीकरण करूनच तिकीट काढा. व्हिसा आधी काढावा लागत नाही. मालेत उतरल्यावर पर्यटक व्हिसा फुकट मिळतो. त्यासाठी परतीचं तिकीट आणि राहण्याचं पक्कं बुकिंग दाखवता आलं पाहिजे.

मालेची थेट विमानं मुंबई आणि बेंगळुरूहून मिळतात. मुंबईहून तीन तासांच्या आत-बाहेर, बेंगळुरूहून दोनच्या आसपास. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला विमान आहे खरं, पण ते वेगळ्या तिकिटावर घेतलंत आणि ढगांमुळे फेरी रद्द झाली, तर पुढचं माले विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. महालक्ष्मी एक्सप्रेसने आदल्या रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणं, किंवा मिरजेहून राणी चन्नम्माने बेंगळुरू गाठणं, हे जास्त खात्रीचं. गाडीला दोन-तीन तास उशीर झाला तरी निभेल इतकी सवड ठेवा.

आता डाइव्हिंगच्या कार्डाबद्दल, कारण इथे कोल्हापूरकरांचा हमखास गैरसमज होतो. मालवण-तारकर्लीला अर्ध्या तासात जे "स्कूबा" करवतात, ज्यात मार्गदर्शक मागून धरून खाली नेतो आणि व्हिडिओ काढून देतो, त्याला सफारी बोटीवर काहीही किंमत नाही. बोटीला ओपन वॉटर हे प्रमाणपत्र लागतं. तो तीन-चार दिवसांचा कोर्स आहे: थोडा अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. त्यात न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं अशी परीक्षा असते. त्याने १८ मीटरपर्यंत जाता येतं. पुढचं अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड पाच डाइव्हचं, ते ३० मीटरपर्यंत नेतं, आणि मालदीवमध्ये हौशी डाइव्हची कायदेशीर मर्यादाही ३० मीटरच आहे. चांगल्या जागा बऱ्याचदा २० ते ३० मीटरवर असल्याने अनेक बोटी अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड आणि ठरावीक डाइव्हची नोंदवही मागतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डाइव्हिंग संस्था आहे. पावसाळ्यात किनारा बंद असतो, त्यामुळे कोर्स ऑक्टोबर ते मे या काळातच बसवावा लागतो.

कोर्स करून घरी येताना एक पथ्य पाळा. डाइव्हनंतर शरीरात नायट्रोजन विरघळलेला असतो. तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो. हवेचा दाब एकदम कमी झाला तर रक्तात बुडबुडे धरू शकतात. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, घाटाचं कोणी बोलत नाही. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर चढणं हे डाइव्हरच्या हिशेबात उंचीवर जाणंच, आणि गगनबावडा काय नि फोंडा काय, घाट चढलात की तुम्ही त्याच्या बऱ्याच वर आलेले असता. कोल्हापूर स्वतःच साडेपाचशे मीटरच्या वर आहे. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढायचा बेत करू नका. मालवणात रात्र काढा, सोलकढी प्या, सकाळी निघा.

पोहण्याचा सराव हवाच. पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्याच्या बाजूला अंबाई टँकवर शिकलेला माणूस दमदार असतो, पण त्याला डोकं वर ठेवून हातांच्या जोरावर पोहायची सवय असते. मास्क-स्नॉर्कल लावल्यावर तोंड पाण्यातच ठेवायचं असतं, हात जवळजवळ वापरायचेच नसतात आणि पाय मांडीपासून संथ हलवायचे असतात. गुडघे दुमडून सायकल मारल्यासारखे पाय हलवले की दहा मिनिटांत पोटऱ्यांत गोळे येतात. जायच्या आधी महिनाभर आठवड्यातून दोनदा फिन्स घालून पोहा, म्हणजे घोट्यांना सवय होईल.

पैशांचं: डॉलर न्या. पर्यटकाला प्रत्येक परदेशवारीला रोख नोटांत ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. शाहूपुरी-राजारामपुरीतल्या परवानाधारक विनिमय केंद्रात पासपोर्ट, पॅन, तिकीट घेऊन जा. पन्नास हजार रुपयांच्या आतली खरेदी रोखीने करता येते, त्यापुढची बँकेतून. एक, पाच, दहा, वीसच्या नोटा मुद्दाम मागून घ्या. शंभरची नोट मोडायला बोटीवर कोणी बसलेलं नसतं. फाटकी, पेनाने लिहिलेली किंवा जुन्या छपाईची नोट तिथे नाकारली जाते, ती काउंटरवरच बदलून घ्या. आपले रुपये तिथे चालतील असं धरून जाऊ नका. परतीच्या रिक्षा-टॅक्सीपुरते ठेवले म्हणजे झालं.

औषधांत बोट लागू नये म्हणून गोळी हवीच. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. पण तिने झोप येते, म्हणून डाइव्हच्या दिवसांत कुठली घ्यायची हे घरच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि एकदा इथेच घेऊन बघा. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांबाबत मालदीवचे नियम कडक आहेत. लागत असतील तर मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. दमा, रक्तदाब, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन यांतलं काही असेल तर बोटीच्या वैद्यकीय फॉर्मवर डॉक्टरांची सही लागते. ती कोल्हापुरात घ्या. तिथे पोहोचल्यावर "नाही, नाही, नाही" अशा खुणा करून सही टाळणं म्हणजे स्वतःशीच खोटं बोलणं. डाइव्हिंगचा वेगळा विमाही काढा. साध्या प्रवास विम्यात डाइव्हिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, आणि रक्तात बुडबुडे धरले तर लागणारा दाबकक्षाचा उपचार महाग आहे.

बॅग मऊ न्या. केबिनमध्ये कडक सूटकेस ठेवायला जागा नसते, मऊ बॅग घडी करून पलंगाखाली जाते. तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, त्याचं अडॅप्टर घ्या. पॉवर बँक आणि टॉर्चची सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घ्या, कारण स्नॉर्कल करताना पाठ भाजते आणि पाण्यात ते कळत नाही. कोल्हापुरी चप्पल घालून जाऊ नका. खारं पाणी चामड्याची वाट लावतं, आणि बोटीवर तसंही अनवाणीच राहायचं असतं.

घरी काय ठेवायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. दारू आणि डुकराचं मांस नेता येत नाही. विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातली बाटलीसुद्धा मालेला कस्टम्स काढून घेतं. पावती मिळते, परत जाताना ती दाखवून बाटली परत मिळते. ई-सिगारेट आणायला नोव्हेंबर २०२४ पासून बंदी आहे. १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही तंबाखूचे पदार्थ विकत घ्यायला आणि वापरायला मनाई आहे, आणि हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. कॉलेजला जाणारा मुलगा सोबत असेल तर त्याला सांगून ठेवा. पूजेच्या मूर्तीही नेता येत नाहीत. अंबाबाईची छोटी पितळी मूर्ती सामानात असेल तर ती घरच्या देव्हाऱ्यातच राहू द्या. जोतिबाच्या गुलालाची पुडीही नको. बंदी म्हणून नव्हे, पण एक्स-रेसमोर उभं राहून ही पावडर कसली हे समजावत बसण्यात अर्धा तास जातो. भडंग आणि कांदा-लसूण चटणी बंद पाकिटात खुशाल न्या, चौथ्या दिवशी सगळी बोट मागायला येते.

उतरल्यापासून बोटीपर्यंत

विमानाच्या आधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो पूर्ण मोफत आहे. सर्चमध्ये वर येणारी काही संकेतस्थळं याच फॉर्मचे पैसे घेतात. मालदीव इमिग्रेशनच्या अधिकृत पत्त्यावरूनच भरा. पासपोर्टचं पहिलं पान, फोटो आणि राहण्याचा पत्ता लागतो. पहिल्या रात्रीचं हॉटेल आणि बोटीचं नाव दोन्ही हाताशी ठेवा. शेवटी मिळणारा क्यूआर कोड फोनमध्ये नुसता ठेवू नका, छापूनही घ्या. बॅटरी संपलेला फोन हा काउंटरवरचा सगळ्यात नेहमीचा घोटाळा आहे.

घड्याळ अर्धा तास मागे करा. भारतात साडेबारा तेव्हा मालेत बारा. मात्र काही बोटी आणि रिसॉर्ट दिवसाचा उजेड जास्त वापरता यावा म्हणून स्वतःचं घड्याळ तासभर पुढे ठेवतात. त्यामुळे बोटीने दिलेली वेळ "मालेची की बोटीची" हे विचारून घ्या.

वेलाना विमानतळ हुलहुले नावाच्या स्वतंत्र बेटावर आहे. नवीन टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं, त्यामुळे जुन्या व्हिडिओंत दाखवलेले दरवाजे आणि काउंटर शोधत बसू नका. क्रम साधा आहे: इमिग्रेशनला पासपोर्ट, क्यूआर, परतीचं तिकीट, बोटीचं व्हाउचर, मग सामान, मग कस्टम्सचा एक्स-रे. बाहेर आल्यावर धिरागू किंवा ऊरिडू यांपैकी एकाचं सिम घ्या. वस्तीच्या बेटांजवळ रेंज चांगली मिळते, दोन वलयांमधल्या मोकळ्या समुद्रात जाते. घरी आधीच सांगून ठेवा की मध्ये काही तास फोन लागणार नाही.

स्थानिक चलन रुफिया. डॉलरला १५.४२ असा अधिकृत दर आहे. बस, चहा, किराणा यांपुरते वीस-तीस डॉलरचे रुफिया घ्या, जास्त नकोत. देशाबाहेर त्यांना कोणी विचारत नाही. मालेत स्टेट बँक ऑफ इंडियाची शाखा १९७४ पासून आहे, कार्ड अडकलं तर निदान बोलायला ओळखीचं ठिकाण.

हुलहुमाले विमानतळाच्या उत्तरेला आहे, भर घालून तयार केलेलं बेट. बस आणि टॅक्सी दोन्ही मिळतात, समुद्र ओलांडावा लागत नाही. २०१८ च्या पुलामुळे माले शहरही आता रस्त्याने जोडलंय. बऱ्याच सफारी बोटी हुलहुले आणि हुलहुमाले यांच्यामधल्या शांत पाण्यातच नांगरलेल्या असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जायला फार वेळ लागत नाही. शुक्रवार-शनिवार ही तिथली आठवड्याची सुट्टी. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद होतात आणि सरकारी फेरीबोटी त्या दिवशी चालत नाहीत. शुक्रवारी पोहोचणार असाल तर जेवण आणि सिमची सोय विमानतळावरच उरका.

धोनीवर पाय ठेवताना

धक्का स्थिर असतो आणि धोनी वर-खाली होत असते. घोटे मुरगळतात ते याच एका पावलात. सामान आधी खलाशांच्या हाती द्या. दोन्ही हात मोकळे ठेवा, फोन खिशात. धोनी वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा पाऊल टाकायचं, खाली जात असताना नाही. उडी मारायची नाही. खलाशाचा हात मनगटाजवळ धरा, बोटांना नको, ओल्या हातातून बोटं निसटतात. दुसरा पाय धोनीत पक्का टेकेपर्यंत खलाशाच्या हाताची पकड सोडू नका.

स्पीडबोटीने जायची वेळ आली तर मागच्या अर्ध्यात बसा. पुढच्या टोकाला वाऱ्याची मजा वाटते, पण लाटेवरून बोट आपटते ती तिथेच, आणि कंबर दुखणाऱ्याला त्याचा फटका आठवडाभर पुरतो. गरोदर बाईने तर स्पीडबोट टाळलेलीच बरी.

बोटीवरची पहिली दुपार

चढताच चपला-बूट टोपलीत जातात, ते शेवटच्या दिवशीच परत. स्वागताचं सरबत हातात आलं की लगेच केबिनकडे पळू नका. आधी ही सुरक्षेची माहिती ऐका आणि न सांगितलं तर विचारा: लाइफ जॅकेट कुठे आहेत, जमायची जागा कुठली, आणि खालच्या केबिनमधून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता. दुसरा रस्ता स्वतः एकदा चालून बघा, त्याच्यावर सामान रचलेलं असेल तर हटवायला सांगा. रात्री बॅटऱ्या चार्जिंगला लावून झोपू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ एका डाइव्ह बोटीला रात्री आग लागून खालच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीतले ३४ जण गेले. तेव्हापासून चांगल्या बोटी चार्जिंगसाठी डेकवर वेगळी जागा ठेवतात आणि रात्री कोणीतरी जागं असतं. कोण जागं असतं, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

गोडं पाणी बोटीवर यंत्राने तयार होतं, म्हणून अंघोळ आटोपशीर. संडासात कागद टाकायचा नाही. नळी तुंबली तर ती उघडणारा खलाशी कोण असतो ते एकदा बघा, पुन्हा टाकणार नाही.

जेवणाचं महिनाभर आधीच कळवलेलं असावं. "शाकाहारी" एवढं लिहून भागत नाही. तिथल्या चटण्या-कालवणांत सुक्या ट्यूनाची पूड सर्रास असते आणि कित्येकांच्या लेखी ती मासळीत धरली जात नाही. मासळी नाही, तिची पूड नाही, अंडं चालेल की नाही, असं सविस्तर लिहा. मासे खाणाऱ्याने मात्र सकाळचं मस हुनी सोडू नये. ट्यूना, खोवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू हाताने कुस्करलेलं, सोबत रोशी म्हणजे आपली चपातीच. एक चमचा कांदा-लसूण चटणी घालून बघा.

पहिली डाइव्ह सोपी असते, तपासणीची. मार्गदर्शक बघतो तुम्हाला खाली जायला शिशाचं किती वजन लागतं आणि तुम्ही पाण्यात किती शांत असता. मालवणातली नोंदवही असेल तर तिथलं वजन सांगा. तलावातलं सांगितलं तर कमी पडेल. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. उपकरणांसह तुमचं वजन शंभर किलो भरत असेल तर समुद्रात अडीच किलो शिसं जास्त लागतं. कमी वजनाने उतरलेला माणूस डाइव्हच्या शेवटी, सिलिंडर हलकं झाल्यावर, पाच मीटरवर थांबूच शकत नाही, सरळ वर येतो. नायट्रोजन निघून जावा म्हणून घ्यायचा तीन मिनिटांचा सुरक्षा थांबा त्यामुळे हुकतो.

दुसरी नेहमीची चूक पाण्याच्या स्वच्छतेमुळे होते. मालवणात आठ-दहा मीटर दिसलं तरी चांगला दिवस. इथे पंचवीस-तीस मीटर स्पष्ट दिसतं, त्यामुळे खोलीचा अंदाजच लागत नाही. कासवामागे जाता जाता १८ चे २६ मीटर कधी होतात कळत नाही. दर मिनिटाला मनगटावरचा, खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर बघायची सवय लावा. भाड्याचा असेल तर पहिल्याच संध्याकाळी त्याची बटणं शिकून घ्या, पाण्याखाली शिकता येत नाहीत.

तिसरी गोष्ट प्रवाह. वलयाच्या कडेला जे मोठे दरवाजे असतात त्यांना तिथे कंदू म्हणतात. भरतीला समुद्र आत घुसतो, ओहोटीला बाहेर पडतो. पाणी आत येत असताना शार्क तोंडाशी उभे राहतात, म्हणून डाइव्ह तेव्हाच ठरवतात. वेळ चुकली आणि पाणी बाहेर पडू लागलं तर ते तुम्हाला मोकळ्या समुद्राकडे नेतं. गटापासून सुटलात तर मिनिटभर शोधा, मग रीतसर वर या आणि नारिंगी फुग्याची लांब नळी फुगवून उभी करा. दोन लाटांच्या मध्ये डोकं दिसत नाही, फुगा लांबून दिसतो. प्रत्येकाकडे स्वतःचा फुगा हवा, मार्गदर्शकाकडे एक आहे म्हणून चालत नाही. तो उघडून फुगवायचा सराव निघायच्या आधी तलावात करा. गुंडाळीचा दोरा बोटांत अडकणं हा प्रकार उथळ पाण्यातच होऊन गेलेला बरा.

देवमुशी दिसली की सगळी धोनी ओरडते आणि सगळे एकदम उड्या मारतात. थांबा. मार्गदर्शक सांगेल तेव्हा हळूच बाजूने उतरा, तीन-चार मीटर अंतर राखा, समोर जाऊ नका, फ्लॅश नको. तिच्या शेपटीचा एक फटकारा पुरेसा असतो.

रोजच्या तीन डाइव्हमध्ये सगळ्यात आधी कुरकुरतात ते कान. प्रत्येक डाइव्हनंतर कानात गोडं पाणी सोडून, डोकं कलतं करून, टॉवेलच्या टोकाने बाहेरून पुसा. काडी घालू नका. सर्दी झाली तर एक डाइव्ह सोडा. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खाली संपला, तर वर येताना कानातली हवा अडकते आणि पडदा फाटू शकतो.

परतीचा हिशेब

शेवटच्या डाइव्हनंतर विमानासाठी किमान १८ तास थांबावं लागतं, बहुतेक बोटी २४ तास धरतात. आठवड्याची बोट म्हणूनच आदल्या दिवशी सकाळी शेवटची डाइव्ह करून मालेच्या पाण्यात परत येते. ती संध्याकाळ माले शहरात घालवता येते. हुकुरू मिस्की ही १६५८ ची प्रवाळदगडाची मशीद जवळून बघा, खांदे-गुडघे झाकलेले कपडे घालून. मासळी बाजारही तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे.

जाताना इमुगा पुन्हा भरायचा असतो, हे बरेच जण विसरतात आणि चेक-इनच्या रांगेत उभं राहून भरतात. बोटीवर रेंज असताना आदल्या रात्री भरून टाका. प्रवाळाचा तुकडा किंवा कासवाच्या पाठीची वस्तू बॅगेत नको, किनाऱ्यावर सापडली असली तरी. उरलेले रुफिया विमानतळावरच खर्चून टाका. आणि दारूची पावती पाकिटात वर ठेवा, कारण कस्टम्सचं ते काउंटर चेक-इनच्या आधी गाठावं लागतं आणि बाटली चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळूनच घरी येते.